बेडक्याचे रंग

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे शालनच्या पायाची नखं कापणं. मिळून म्हणजे नेलकटर माझ्या हातात आणि हुकूम तिच्या तोंडात.

"अवो, माझो अंगठो हा, भेंडी नाय!"

शालन माझी बायको. एरवी लालबागचं मराठी बोलायची, पण चिडली की माहेरची मालवणी बाहेर यायची. ती दिवसातून बऱ्याचदा चिडायची, त्यामुळे आमच्या खोलीत मालवणीच जास्त ऐकू यायची.

नखं कापायला कारण होतं. ऑक्सिजन मोजायचा एक चिमटा येतो, तो बोटाला लावतात आणि त्यावर आकडा उमटतो. आकडा खाली गेला की मी तिला हॉस्पिटलात नेणार हे तिला पाठ होतं. म्हणून बाईंनी शेजारच्या कांचनला गाठून दहाही बोटांना लालभडक नेलपॉलिश लावून घेतलं. मला वाटलं, म्हातारपणी हौस आली, येऊ दे. संध्याकाळी चिमटा लावला तर तो भलतंच काहीतरी दाखवायला लागला. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. नेलपॉलिशवर चिमटा नीट चालत नाही, ही अक्कल तिला मीच कधीतरी ऐटीत शिकवली होती.

पुसावं तर त्या पुसायच्या औषधाच्या वासाने तिला खोकल्याची उबळ. मग मी म्हटलं, हात नाही तर पाय. चिमटा अंगठ्याला लावतो. तर अंगठ्याचं नख इतकं वाढलेलं की चिमटा बसेना. वाकलं की तिला धाप लागायची, त्यामुळे पायाकडे कुणी बघितलंच नव्हतं.

बसलो खाली, पाय मांडीवर घेतला. तिला गुदगुल्या झाल्या म्हणून हसली, हसली म्हणून धाप लागली, धाप लागली म्हणून मला शिव्या घातल्या. शेवटी आकडा आला. बरा होता.

"झाला समाधान? आता चाय ठेवा," म्हणाली.

चहा मी ठेवला, पावडर जास्त पडली, आणि तिने नाक मुरडत संपवला.

आता नोकरीबद्दल. या दिवाळी अंकाचे संपादक आमच्याच गल्लीतले. ते म्हणाले, "परबकाका, तुमच्या कामाबद्दल लिहा, फक्त वाचणाऱ्याला किळस येईल असं काही नको." मी परळच्या एका हॉस्पिटलात छातीच्या विभागाच्या लॅबमध्ये अटेंडंट होतो. जन्मभर लोकांचे बेडके गोळा केले. यातून किळस काढली तर उरलं काय, भिंतीचा रंग? तेव्हा ज्यांना फराळ करता करता वाचायची सवय आहे त्यांनी आधी चकली संपवावी.

बेडका म्हणजे छातीतून खोकून निघणारा कफ. ओठातली थुंकी वेगळी, नाकातला शेंबूड वेगळा, बेडका वेगळा. लॅबला बेडकाच लागतो, कारण छातीत कुठला जंतू बसलाय ते तोच सांगतो. पण माणसाची जात अशी की डबी हातात दिली की लाजतो. चारचौघांत रस्त्यावर थुंकेल, पण डबीत थुंकायला त्याला आडोसा पाहिजे. मग आडोशाला जाऊन तोंडातलं पाणी घालून आणतो आणि मोठ्या कौतुकाने माझ्या हातात ठेवतो. मी डबी उजेडात धरायची, हलवायची आणि सांगायचं, "ही थुंकी आहे. परत जा. चूळ भर, चार खोल श्वास घे, पोटातून खोक." लोकांना याचा राग यायचा. दादरच्या एका हेडक्लार्क साहेबांनी तर माझी वर तक्रार केली होती, की अटेंडंटने माझा नमुना सर्वांसमक्ष नापास केला. त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच कुणी नापास केलं असावं.

एकदा एक नवीन डॉक्टरीण उत्तरेकडून आली. चुणचुणीत पोरगी, मराठी शिकायची हौस भारी. वरळीची एक म्हातारी तिला म्हणाली, "बाय, छातीत बेडका अडाकलाय, वर येतच नाय." डॉक्टरीण माझ्याकडे वळून हळूच म्हणते, "परबजी, मेंढक? अंदर?" मी म्हटलं, "हां, और टर्र टर्र भी करता है." तिने कागदावर लिहायला पेन उचललं तेव्हा माझी तंतरली आणि मी खरं काय ते सांगितलं. आता ती मोठी डॉक्टर आहे आणि बेडका हा शब्द माझ्यापेक्षा स्वच्छ उच्चारते.

पण माझं आवडतं गिऱ्हाईक म्हणजे गिरगावचे फ्रान्सिस अंकल. ते आणि त्यांचे भाऊ पीटर, दोघेही बिनलग्नाचे, एकाच घरात राहायचे. फ्रान्सिस अंकल पूर्वी बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचे, त्याच्या जोडीला सिगरेटी. फुफ्फुसं जुन्या फुग्यासारखी सैल झालेली, त्यामुळे दर थोड्या दिवसांनी छातीत इन्फेक्शन. पीटर अंकल एकदम टकाटक. रोज चौपाटीवर चालायचे आणि परत येऊन भावाला लेक्चर द्यायचे. थोडा खोकला होता, तो म्हणे समुद्राच्या वाऱ्याचा.

एका सकाळी फ्रान्सिस अंकलनी डबी आणली. बघितली, एक नंबर माल. मी म्हटलं, "वा अंकल, आज जमलं!" तर म्हणतात, "अरे परब, मेरा आज निकलाच नहीं. तो पीटर का लेके आया. सेम घर, सेम खाना, सेम खून. क्या फरक पडता है?"

मी कपाळाला हात लावला. डबी फेकणार होतो. पण लॅबच्या मॅडम म्हणाल्या, आलंय तर पीटरच्या नावाने लावून टाकू. लावलं आणि पीटर अंकलचा टीबी निघाला. चौपाटीवाल्या टकाटक पीटरचा! औषधाचा कोर्स पुरा केला, बरे झाले. तेव्हापासून फ्रान्सिस अंकल लाईनीत बसलेल्या प्रत्येकाला सांगायचे, "भाई की जान मैंने बचाया." पीटर बाजूला बसून पुटपुटायचे, "तू आळशी म्हणून वाचलो मी." दोघांचं खरं होतं.

आता जरा बुद्धीचं बोलतो, आणि ही बुद्धी मला कशी आली ते पण सांगतो, कारण ती फुकट नाही आली.

मॅडम तेव्हा जुन्या दमेकऱ्यांच्या छातीवर संशोधन करत होत्या. हा जो जुना दमा, ज्याला हल्ली सगळे सीओपीडी म्हणतात, त्या माणसांना पुन्हा पुन्हा इन्फेक्शन का होतं, हा त्यांचा विषय. एक दिवस त्या आपल्या विद्यार्थिनीला वैतागून म्हणाल्या, "या पेशंटचे मॅक्रोफेज कामच करत नाहीयेत," आणि मीटिंगला निघून गेल्या. मी दारात. मला ऐकू आलं, मॅक्रो फ्रीज काम करत नाही. लॅबच्या कोपऱ्यातला लहान फ्रीज माझ्या ताब्यात. मी आतलं सगळं काढून मोठ्या फ्रीजमध्ये ठेवलं आणि लालबागहून ओळखीचा मेकॅनिक धरून आणला. त्याने फ्रीज ओढून पुढे घेतला, मागची जाळी खोलली, गॅस बघितला, म्हणाला, "काका, याला काय झालंय? माझ्यापेक्षा थंड आहे."

तेवढ्यात मॅडम आल्या. "परब, हे काय चाललंय?"

"मॅडम, तुमचं मॅक्रो फ्रीज. माणूस म्हणतो चालू आहे."

मॅडम खुर्चीत बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मेकॅनिकला चहा पाजून वाटेला लावलं, आणि मग मला म्हणाल्या, "ये इकडे, तुला मॅक्रो फ्रीज दाखवते." भिंगाखाली बघायला लावलं.

बघितलं ते असं. आपल्या फुफ्फुसात पांढऱ्या पेशी गस्त घालत असतात. धूळ दिसली की गिळ, जंतू दिसला की गिळ, हेच त्यांचं काम. त्यातल्या थोराड पेशी म्हणजे हे मॅक्रोफेज. मॅडमनी त्यांच्यापुढे जंतूएवढ्या चिमुकल्या रंगीत गोळ्या टाकल्या होत्या. चांगल्या माणसाच्या पेशीने गोळ्या मटामटा खाल्लेल्या, पोट रंगीत झालेलं. आणि दमेकऱ्याची पेशी? गोळ्या समोर पडल्यात आणि ही आपली बसलीय, पंगतीत रुसलेल्या जावयासारखी.

"मग जंतूंचं फावतं," मॅडम म्हणाल्या. "मग शरीर घाबरून दुसऱ्या पांढऱ्या पेशी पाठवतं, झुंडीच्या झुंडी. त्या येतात, फुटतात, मरतात, आणि त्यांच्यातून जे सांडतं त्याने फुफ्फुसच भाजून निघतं. बेडका हिरवा होतो ना, तो हिरवा रंग जंतूंचा नसतो परब. आपल्याच पेशींमधला असतो तो."

इतकी वर्षं मी हिरव्या डब्या जंतूंना शिव्या देत उचलल्या होत्या. तो रंग आपल्याच माणसांचा होता.

घरी येऊन शालनला सांगितलं. तिला तेव्हा दम्याचं निदान होऊन थोडेच दिवस झाले होते. तिने आयुष्यात बिडीला हात लावला नाही. ती मसाल्याच्या दुकानात मिरच्या-धणे भाजायला होती, कढईपुढे बसून धूर खाल्ला. मी बिडी ओढली, तंबाखू खाल्ली, आणि आजही जिने चढतो. ज्याने हिशेब ठेवायचा तो झोपलेला असतो, दुसरं काय.

तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे आपल्या गल्लीतले कार्यकर्ते."

"कोण कार्यकर्ते?"

"अवो, टी-शर्ट घालून, गळ्यात कार्ड अडकवून ढीगभर उभे. शिट्ट्या वाजवतत, दोऱ्ये धरतत. निर्माल्य उचलूक कोण नाय. आणि गर्दी वाढली काय मंडपच मोडून टाकतत."

मी दुसऱ्या दिवशी मॅडमना हे जसंच्या तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुझ्या बायकोला माझ्याऐवजी शिकवायला पाठव." तेव्हापासून आमच्या घरात पांढऱ्या पेशींना कार्यकर्तेच म्हणायचे. छाती भरली की शालन म्हणायची, "आज मंडळात राडा आहे."

आमचं खरं काम इथून सुरू झालं. तिच्या डॉक्टरांनी आम्हाला ठरवून दिलं होतं, की रोज सकाळी बेडका बघायचा. पांढरा तर ठीक. रंग चढला आणि धाप वाढली तर घरात दिलेल्या गोळ्या सुरू करून त्यांना फोन. लवकर पकडलं तर घरी भागतं, उशीर झाला तर वॉर्ड. आणि शालनला वॉर्ड नको असायचा. चार बायकांत खोकायची तिला लाज वाटायची, आणि दर वेळी वॉर्डातून परत आली की ती थोडी कमी होऊन यायची. आधी जिना गेला, मग बाजार गेला, मग गॅलरीच्या टोकापर्यंत चालणं गेलं. त्यामुळे रंग पकडायचा मी आणि लपवायचा तिने, असा आमचा रोजचा सामना.

सकाळी ती मोरीत खोकायची, मी दारातून विचारायचो, "आज रंग कोणता?" ती आतून सांगायची, साड्यांच्या दुकानात सांगतात तसं. मोतिया. लिंबू. पोपटी असला की आवाज बारीक व्हायचा. "मोतियाच हा, जरासो पोपटी काठ."

चाळीच्या भिंती कागदाच्या. शेजारच्या खोलीतली कांचन इन्शुरन्सच्या ऑफिसात नोकरीला. नवरात्रात या पोरी रोज ठरलेल्या रंगाची साडी नेसतात, पेपरात रंग येतात तसे. त्या वर्षी तिने पेपर बघायचे कष्टच घेतले नाहीत. तिला वाटलं काका-काकी रोज सकाळी पेपर वाचून रंग सांगतात, आपण भिंतीला कान लावला की झालं. पहिले दोन दिवस नशिबाने जमलं. शालन पांढरा म्हणाली, पांढरा होता. पिवळा म्हणाली, पिवळा निघाला. तिसऱ्या दिवशी शालनची छाती जरा बिघडलेली. मी विचारलं, रंग कोणता, आणि ती मोरीतून म्हणाली, "पोपटी गे बाय, चक्क पोपटी!"

कांचनने ऑफिसच्या ग्रुपवर कळवलं. अख्खी शाखा पोपटी नेसून आली, साहेबांनी सुद्धा कुठूनतरी पोपटी शर्ट पैदा केला. आणि बाहेर सगळी मुंबई निळी.

संध्याकाळी कांचन दारात. पोपटी साडी, पोपटी बांगड्या, लालबुंद तोंड. "काका, तुम्ही पेपर कुठला घेता हो? माझं हसं झालं आज! फोटो काढले सगळ्यांनी!"

मी काही बोलायच्या आत शालनने उशाचं भांडं उचललं आणि तिच्यापुढे धरलं. "हो बघ पेपर."

कांचनने आत बघितलं, स्वतःच्या साडीकडे बघितलं आणि किंचाळली ती खालच्या वाण्यापर्यंत. शालन इतकी हसली की तिला उबळ आली, उबळीत अडकलेला एक मोठा गठ्ठा निघाला, आणि रात्री ती चांगली झोपली. गोळ्या वेळेवर सुरू झाल्या होत्या, वॉर्ड टळला. कांचनने ती साडी कुणाला तरी देऊन टाकली, पण त्यानंतर रोज कामावर जाताना दारात थांबून विचारायची, "काकी, आज मी काय नेसू?" शालन "पांढरं" म्हणाली की ती हसून जायची. पोपटी म्हणाली की दुपारी ऑफिसातून फोन यायचा.

असं बरंच चाललं. मी रिटायर झालो होतो, पण खरं म्हणजे माझी फक्त बदली झाली होती. आधी अख्ख्या हॉस्पिटलचे बेडके, आता एकीचे.

या वर्षी तिला घरी ऑक्सिजनचं मशीन लागलं. मशीन मोफत देणारी एक संस्था आहे. आपलं काम झालं की पुढच्या पेशंटला द्यायचं, असा नियम. नखं कापली त्यानंतरच्या सकाळी मी नेहमीसारखा मोरीच्या दारात उभा राहिलो. "आज रंग कोणता?"

आतून नुसतीच घरघर ऐकू आली. मग म्हणाली, "आज रंगाक सुट्टी."

बाहेरच्याला वाटेल, बेडका नाही म्हणजे बरं. आमच्या धंद्यातल्याला विचारा. छाती घरघरतेय आणि बाहेर काहीच येत नाही, म्हणजे आत माल भरपूर आहे आणि तो वर ढकलायची ताकद संपलीय. पिवळ्याची मला काळजी वाटायची, हिरव्याला मी धावपळ करायचो. पण रिकाम्या भांड्याला मी घाबरायचो. कांचनला हाक मारली. तिने खालून टॅक्सी आणली. शालनने या वेळी भांडण केलं नाही, तेही मला आवडलं नाही.

हॉस्पिटलात सगळं वेळेत झालं, सगळं बरोबर झालं. वॉर्डातल्या जुन्या सिस्टर माझ्या ओळखीच्या, त्यांनी काही कमी ठेवलं नाही. मी तिच्या पाठीवर थापट्या मारत होतो, कफ सुटावा म्हणून ओंजळ करून मारतात तशा, आणि म्हणत होतो, "खोक गं. पोटातून खोक." तिने मास्क जरा बाजूला केला. "नापास करा माका," म्हणाली. दुपारी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरात माणसं. मेव्हणी आली होती, कांचन सगळ्यांचं चहापाणी बघत होती. संस्थेतून फोन आला. त्यांना काही माहीत नव्हतं, ते आपले विचारत होते, मशीन कधी मोकळं होईल, अँटॉप हिलच्या सरकारी क्वार्टर्समध्ये एक गृहस्थ थांबलेत, त्यांना आजच्या आज पाहिजे. मी म्हटलं, आणतो.

मेव्हणी आडवी आली. "भावजी, असं काय करताय? सूतक आहे. आज उंबरठा ओलांडू नका."

"सूतक मला आहे. मशीनला नाही," म्हटलं आणि शर्ट चढवला.

मशीन पुसून घेतलं, नवीन नळी घेतली, टॅक्सीत मागच्या सीटवर ठेवलं आणि पडू नये म्हणून त्याच्यावर हात ठेवून बसलो. अँटॉप हिलला दार एका बाईने उघडलं. त्यांचे मिस्टर खुर्चीत पुढे वाकून, गुडघ्यांवर हात टेकून श्वास ओढत होते. मी मशीन लावलं, नळी नाकाला अडकवली. हळूहळू त्यांचे खांदे खाली आले.

बाई म्हणाल्या, "याच्याआधी कुणाकडे होतं हे?"

"आमच्याकडेच. बायकोला लागायचं."

"मग आता?"

मी आयुष्यात कुणाला गोड लावून सांगितलं नाही. थुंकीला थुंकी म्हटलं, हेडक्लार्कला नापास केलं. तोंड उघडलं, आणि खुर्चीतले गृहस्थ माझ्याकडे टक लावून बघत होते.

"आता लागत नाही," मी म्हटलं.

"बघा!" बाई नवऱ्याला म्हणाल्या. "मी सांगत होते ना, माणूस यातून उठतो! त्यांची मिसेस उठली ना?" आत पळाल्या, वाटीतून साखर घेऊन आल्या आणि माझ्या तळहातावर ठेवली. "तोंड गोड करा. आणि त्यांना सांगा, आम्हाला फार धीर आला म्हणून."

गृहस्थ हसले. बऱ्याच दिवसांनी हसले असावेत, कारण बाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या.

मी साखर तोंडात टाकली, हात पँटला पुसला आणि मशीनच्या मागची जाळी कशी काढून धुवायची ते बाईंना दाखवायला खाली बसलो.